माझ्या रानमांजराची आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, ऑरिन प्रुइट, वय तेवीस, राहणार ड्राय फोर्क, वायोमिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मी नशेत नाही. रागात आहे. रागात केलेलं मृत्युपत्र चालतं का, असं मी लाईल स्टेडमन यांना विचारलं. ते म्हणाले, “चालत नसतं तर या गावात एकही टिकलं नसतं, पोरा.” लाईल आमच्या पिस्तूल क्लबचे अध्यक्ष आहेत आणि हे लिखाण त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाललं आहे.

कारण नमूद करतो. उद्या सकाळी क्लबच्या मैदानावर मी स्वतः घडवलेलं काडतूस माझ्या पिस्तुलातून पहिल्यांदा उडवणार आहे, हातात धरून. ज्या काडतुसाचा आकार कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसतो, त्याला आमच्याकडे रानमांजर म्हणतात. असल्या मांजराचा पहिला बार पिस्तूल जुन्या टायरला बांधून, चापाला दोरी लावून, आपण ट्रकच्या आड बसून काढायचा अशी रीत आहे. पण क्लबातल्याच टॅनर बॉइडने चारचौघांत दोरीची लांबी विचारली आणि मी “मला दोरी लागत नाही” असं बोलून बसलो. ब्रिटा हॉगन, जिने या पिस्तुलाची नळी बनवली, ती काल तिच्या दुकानात म्हणाली, “हातातच धरायचं असेल तर आधी मृत्युपत्र कर.” मी म्हटलं, “करतो,” आणि दार आपटलं. त्या दाराला स्प्रिंग आहे. ते सावकाश मिटलं, आणि तेवढा वेळ आम्हांला एकमेकांकडे बघत राहावं लागलं.

कलम १. माझ्या नावावर घर नाही. आईच्या गॅरेजवरची खोली आईला परत. मी कॉलेजला गेलो त्याच दिवशी माझ्या बहिणीने, नोरीनने, तिथे शिवणयंत्र ठेवायचं ठरवलं होतं. मी मध्येच परत आलो हा तिच्यावर अन्यायच झाला. आता खुशाल ठेवावं.

कलम २. ट्रक आईला. रिव्हर्स गियर पडत नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून लावू नये.

कलम ३. अभियांत्रिकीची पुस्तकं ज्याला हवी त्याला. तिसऱ्या वर्षाची कोरी आहेत. कॉलेज का सोडलं हे आईला मी तीन वेळा तीन प्रकारे सांगितलं आहे. खरं कारण असं, की एका सुट्टीत मी ब्रिटाकडे नळी बनवायला टाकली, आणि ती तयार होईपर्यंत इथेच थांबावं असं मला वाटलं. नळीला वेळ लागतो. मी रोज जाऊन तो आणखी वाढवला.

कलम ४. काडतुसं भरायचं दाबयंत्र, साचे आणि दारू मोजायचा तराजू क्लबला. तराजू खिडकीजवळ ठेवू नये, वाऱ्यानेसुद्धा खोटं बोलतो. टॅनरला हात लावू देऊ नये.

कलम ५. वैर. टॅनर बॉइड पेटीतली तयार काडतुसं वापरतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. गेल्या वर्षीच्या सामन्यात सगळ्यांत लांबच्या निशाणाला, म्हणजे पोलादी मेंढ्याला, माझी गोळी बरोबर खांद्यात लागली. मेंढा वाजला, हलला, पण पडला नाही. आमच्या खेळात निशाण पडलं तरच धरतात. टॅनर म्हणाला, “त्याला खाजवलंस का रे?” मी चालत गेलो आणि मेंढा हाताने ढकलून पाडला. लाईलने मला उरलेल्या मोसमापुरतं बाहेर काढलं. तेव्हाच ठरवलं, की या मेंढ्याला लोळवेल असं काडतूस मी स्वतः घडवीन. मेंढ्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. ते मी कुणाच्याही नावे करत नाही.

कलम ६. पिस्तूल, नळी आणि भरलेली बारा काडतुसं ब्रिटा हॉगन हिला. काडतुसाचं नाव ‘ब्रिटा’ असून ते नळीवर कोरून दे असं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, “आधी फुटते की टिकते ते कळू दे. मग ठरवू कुणाचं नाव लावायचं ते.” नळी अजून कोरीच आहे.

लाईल म्हणतात, मिळकतीचं वर्णन असं हवं की दुसऱ्या वस्तूशी गल्लत होऊ नये. तर वर्णन: रायफलीच्या काडतुसांच्या लांब पितळी पुंगळ्या कापून आखूड केल्या आणि साच्यात दाबून त्यांचं तोंड आवळलं. गोळी धरणारी नवी मान जिथे येते तिथलं पितळ मुळातच जाड असतं. ते बाहेरून तासून पातळ करावं लागतं, नाहीतर नळीत मानेला फुलायला जागा उरत नाही, गोळी अडकते आणि सगळा जोर मागे, माणसाच्या तोंडाकडे येतो. मी तासलं नाही. मला ते पुरेसं पातळ वाटलं, ब्रिटाला वाटलं नाही, भांडण त्यावरूनच झालं. लाईलकडे जाडी मोजायचा मायक्रोमीटर आहे. आता मोजून लिहितो.

मोजलं. बाराही मोजली. आकडा इथे लिहीत नाही, कारण हे आई वाचणार आहे.

कलम ७. उद्या

(कलम ७ अपुरं राहिलं. साक्षीला दोन माणसं लागतात म्हणून लाईलने ब्रिटाला फोन केला होता, ती आली. तिने उभ्यानेच सगळं वाचलं. झालेलं बोलणंही लिही असं लाईल म्हणतात, म्हणून नोंदवतो.)

“आकडा कुठाय?”

“तुझंच बरोबर निघालं.”

“ते मला कालच माहीत होतं. उद्या काय करणारेस?”

“टॅनर सगळ्यांना घेऊन येणार आहे.”

“मग येऊ दे. तो काय तुझे दात गोळा करणारे?”

लाईलने कॉफी ओतली आणि कायदा सांगितला, की आपल्या राज्यात साक्षीदार दोनच असले तर ज्याची सही साक्षीला, त्याला त्या मृत्युपत्रातलं काही मिळत नाही.

मी म्हटलं, “तू सही करू नकोस, ब्रिटा. शेजारच्यांना बोलावतो. नाहीतर पिस्तूल हातचं जाईल.”

“पेन दे.”

“अगं, कलम सहा सगळं तुझ्याच नावे आहे.”

“वाचता येतं मला. पेन दे, ऑरिन.”

कलम ७, पूर्ण. उद्या बार होणार नाही. बाराही काडतुसं आज उघडून रिकामी करत आहे. टॅनरला मी स्वतः फोन करीन, त्याला जे बोलायचं ते बोलू दे. पहिला बार निघेल तेव्हा दोरीनेच निघेल. याआधीचं माझं कुठलंही मृत्युपत्र नाही आणि यापुढे लवकर करायचा विचार नाही.

ड्राय फोर्क, वायोमिंग
शुक्रवार, १४ जून २०१९

(सही) ऑरिन प्रुइट

साक्षीदार:

१. लाईल स्टेडमन. माझ्यासमोर सही झाली. मुलगा शुद्धीवर आहे, साधारण गेल्या दहा मिनिटांपासून.

२. ब्रिटा हॉगन. यातली कुठलीही वस्तू मला नको. लिहिणारा चालेल, पण आधी पुंगळ्यांच्या माना तासून आणाव्यात.