पाणी जातंय कुठं

अप्पा,

माझ्या हातानं केलेलं सांगतो: आपल्या फोटो स्टुडिओचं सागवानी काउंटर, लाइटचे दोन स्टँड, फोटो वाळवायची चौकट, घराचा जिना (तेरा पायऱ्या, एकही वाजत नाही) आणि एकोणिसाव्या वर्षी रंगवलेला फोटोमागचा तो पडदा, बारा फूट बाय नऊ. दूधसागर धबधबा आणि त्याच्या मधून जाणारी आगगाडी. कुणी शिकवलं नाही. समोर एक कॅलेंडर होतं, तेवढंच. चित्राच्या खालच्या भागावर तारखांचा गठ्ठा डकवलेला. तो मी उचलून पाहिला, तर मागे कोरा पुठ्ठा.

तुम्ही पडद्यापुढे उभे राहिलात, चष्मा पुसलात आणि विचारलंत, "पाणी रुळावर पडायलंय. मग जातंय कुठं? गाडी भिजंना कशी?" मी म्हणालो, "खाली झाडी हाय, अप्पा. तिथं झाडीच हाय." आणि रुळाखाली हिरवी झुडपं थापून मोकळा झालो. तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी मात्र महिनाभर तुमच्याशी नीट बोललो नाही. अख्ख्या आळंद गावात कुणाला जमत नव्हतं ते मी केलं होतं, आणि तुम्हाला पाण्याची पडली होती.

या डिसेंबरात हुबळीला अक्काकडे गेलो आणि सकाळची गाडी धरून तिलाही दूधसागर बघायला सोबत नेलं. दिवसात जाऊन परत यायचं. "हिवाळ्यात काय दिसणार, पाणी बारीक असतंय," ती म्हणाली. मला बारीकच हवं होतं, मागचं दिसायला. एकेक बोगदा सरत होता आणि मी खिडकीच्या गजाला नाक लावून बसलेलो.

"काय बघायलास येवढं? नाकाला गंज लागंल."

"पाणी कुठून जातंय ते बघायलोय."

"पुलाखालून जातंय की रे! लहान लेकराला बी कळतंय."

गाडी धबधब्यापाशी आली. गारवा आत शिरला, मनगटावर दोन थेंब पडले, आणि खालचं काहीच दिसेना. पुलावरून पूल कसा दिसणार, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं! पुढच्या वळणावर मागं वळून पाहिलं. दगडी कमानी. त्यांच्यातून पाणी निवांत खाली चाललंय. व्हय अप्पा, पुलाखालून.

घरी आल्यावर आधी ब्रश काढला. फोटोत कमानींना किती जागा मिळेल ते बघावं म्हणून तुमच्या जुन्या फोटोंचं खोकं उघडलं. नवरा-नवरी, बारशाची बाळं, टोपी नीट करून बसलेले म्हातारे. एकाही फोटोत माझी झुडपं नाहीत. बरोबर त्या जागी प्रत्येक वेळी कुणीतरी बसलेलं आहे. बाकाच्या चार पायांसाठी तुम्ही फरशीवर छिन्नीनं चार खुणा केल्या होत्या. मी समजत होतो, लाइटसाठी.

ब्रश धुऊन ठेवला. हे पत्र टाकायला पत्ता नाही ते बरंच. झाडी मी बघून काढली नव्हती, हे तुमच्या तोंडावर मला अजूनही सांगता आलं नसतं.

काल हैदराबादचा एक हॉटेलवाला पडदा मागायला आला. जवळ जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाला, "उस्ताद, नीचे का जरा सुधार के देव. मुँहमांगे देतूं." वर आकडाही त्यानंच सांगितला. मी बाक चार खुणांवर सरकवला, त्याला बसवलं, फोटो काढून हातात दिला आणि पडद्याला नाही म्हणालो. साठ हजार रुपये.