सलीमच्या चित्रातली बाई

चामोर्शी, रविवार, १० जाने. १९९९

दिवाळीपासून इथे एक ओळ नाही. वही समोरच होती, तेव्हा सबब सांगत नाही. चुकलं.

काल ब्रह्मपुरीला जाऊन आलो. कॉलेजच्या हॉलमध्ये सलीमचं प्रदर्शन, सगळी लहानपणच्या आठवणींवरून आता काढलेली चित्रं. सलीम माझ्या वर्गातला, आता तिथेच ड्रॉइंग मास्तर. त्याचे अब्बा शिंपी, गावच्या नाटकाचे कपडे तेच शिवत. चित्रांत शंकरपटात धावणारे बैल, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, शिलाई मशीनवरचे पाय. बरी आहेत. मी घाईतच पाहिली.

मग एक: हिरव्या लुगड्यातली बाई, ठसठशीत कुंकू, पडद्यामागे खोक्यावर बसून बिडी ओढतेय. खाली चिठ्ठी, 'आमची बाई'. दोन मुली सलीमला म्हणाल्या, "सर, आई मस्त काढली तुमची." आपल्याकडे आईलाच बाई म्हणतात, त्यांचं काय चुकलं. ते माझे वडील. नाटकात बायकांची कामं करायचे, मंडळीतले लोक त्यांना 'आमची बाई' म्हणत. मी आठ वर्षांचा असताना गेले. घरात फोटो नाही. एक होता, तो वाळवीने खाल्ला.

हे माझे वडील ना, मी विचारलं. सलीम: "तुले कसं समजलं बे?"

"डोळ्यांवरून," म्हणालो. तो खालची चिठ्ठी नीट चिकटवू लागला.

१२ जाने.

बाईला, म्हणजे माझ्या आईला, सांगावं की नाही, दोन दिवस हेच. उन्हाळ्यात ती म्हणाली होती, "तुह्या बापाचं तोंडच याद येत नाई आता." मिठाचा डबा कुठे ठेवला ते आठवू नये, तितक्या सहज. पण त्यानंतर अधूनमधून विचारते, तुले आठवते का रे. मी हो म्हणतो. खरं की खोटं, माहीत नाही. शनिवारपासून तर वडील म्हटलं की चित्रच समोर येतं. आधी काय यायचं?

संध्याकाळी सांगितलं. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"लुगडं कोनतं हाय?"

"हिरवं."

"काठ लाल?"

"हो."

"माह्यं हाय ते. नेसून जाये, रंग लावून आने. धुवाले मीच."

मग सूप बाजूला सारून, "नेजो मले."

१५ जाने.

शाळेतून सलीमला फोन. बाई येतेय म्हटलं. तो: "मनू, एक सांगतो. डोळे मले याद नव्हते. अम्मीचे टाकले."

"दोन्ही?" मी विचारलं. काय प्रश्न हा.

"नाक-ओठ त्याईचेच हाय, कसम से. बाईले आन तर खरं. ते सांगन तसे डोळे करून देतो."

तिला आठवत नाही म्हणून मी तिला चित्राकडे नेतोय, त्याला आठवत नाही म्हणून तो डोळे तिच्याकडे मागतोय. आणि मी तर ओळखलं होतं. लुगड्यावरून, बिडीवरून, की नुसत्या चिठ्ठीवरून?

१६ जाने.

सोमवारी प्रदर्शन संपतंय, त्याच दिवशी न्यायचं ठरलं. बाईने ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलंय. शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या, "काऊन वो, या वयात माहेरी चालली का?"

"नाई. नवऱ्याले पाहाले."

कमलाबाई हसत सुटल्या. बाईही हसली. आत आल्यावर मला म्हणाली, "तेच हाय का नाई, तू सांगू नोको. मी सांगीन. मानसाचं बाकी सारं बदलते, डोळे नाई बदलत."

अम्मीच्या डोळ्यांचं तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बघण्याआधीच सगळं संपलं. आणि न सांगता तिनेही डोळ्यांवरूनच ओळखलं, तर…

उद्या: तिच्या चष्म्याची काडी बसवून आणणे.