गादीखालची पाकिटं

प्रिय दादा,

परवा बाबांची गादी उलटली आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. खाली हृदयाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं, तब्बल दोन महिन्यांची! बाबा फक्त तू पाठवलेली जीवनसत्त्वं घेत होते.

"दादानंच कळवलंय ना, यांनी रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात? मग ते विष कशाला?" ते धापा टाकत म्हणाले.

पाकिटं बघून डॉक्टर कडाडले, "जीवनसत्त्वांनी रक्तवाहिन्यांना फायदा होईलही, पण यांचं थकलेलं हृदय या गोळ्यांवर चालतं!" बाबांना लगेच दाखल केलं. आता पायांवर चढलेली सूज उतरतेय.

बाबा म्हणतात, "दादाला बोल लावू नकोस."

कसा लावू? तुझा मेसेज मीच वाचून दाखवला होता. 'डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चुकवू नका' ही शेवटची ओळ मी घाईत गाळली, दादा.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही.

तुझी,
धाकटी