पुण्याचा की मुंबईचा

१२ जानेवारी १९८७, सोमवार
शेठनी बोलावलं. पुढच्या वर्षाचं बजेट कॉम्प्युटरवर करायचं म्हणे! बिरवाडीला दुसरी शेड उभी राहतेय, माल गुजरातपर्यंत जातोय आणि आपण अजून खोडरबर घेऊन बसतो — हे त्यांचे शब्द. खोटं नाही. कच्च्या रंगाचा भाव बदलला की मला अख्खं बजेट नव्याने मांडावं लागतं. दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून शेठ 'असं केलं तर?' एकदा विचारतात, दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

प्रोग्राम दोन आहेत. एक पुण्याचा, एक मुंबईचा. "काशीराम, तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल तो घेऊ." इतकी वर्षं अकौंट्स सांभाळतोय, मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. खूश आहे मी. उगाच दोनदा चहा घेतला.

१६ जानेवारी
ललिताला सांगायला नको होतं. बहीण माझी, पण पोटात काही राहत नाही. नवरा वारल्यापासून दोन पोरांना घेऊन माझ्याकडे आहे, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला जाते, रंगाच्या पुड्या भरते. तिने सांगितलं म्हणजे पॅकिंगच्या सगळ्या बायकांना कळलं! शेजारची येसूबाई पण तिथेच कामाला. तिने नळावर गाठलं — "काशीरामभाऊ, मशीन आलं की आमी घरी ना?" अहो, ते हिशोब करतं, पुड्या भरत नाही, म्हटलं. पटलं नाही. रात्री जेवताना ललितानेही तेच विचारलं.

२२ जानेवारी
पुणेवाला मशीन घेऊन आला. माणूस संथ, प्रोग्राम त्याहून संथ. आकडा बदला, बटण दाबा आणि फाटकापर्यंत फिरून या. पण स्वस्त आहे.

२८ जानेवारी
मुंबईवाला आला. आमचेच आकडे घालून दाखवा म्हटलं. सकाळभर बसून सगळे मीच सांगितले, त्याने घातले.

दुपारी शेठ खुर्ची ओढून बसले. त्याने रंगाचा भाव बदलला — नफ्याचा आकडा तिथल्या तिथे हलला! मी मोठ्याने 'वा' म्हणालो. शेठना मजा वाटायला लागली. डिझेल वाढवा. शेड सहा महिने उशिरा धरा. मग असंच, जांभई देत — "पॅकिंग बाहेर दिलं तर?"

मुंबईवाल्याला पॅकिंगच्या मजुरीची ओळ सापडेना. मी बोट ठेवून दाखवली.

नफा वाढला. बराच. शेठनी पुन्हा एकदा करून बघायला सांगितलं फक्त.

संध्याकाळी महाडला एसटीतून उतरून चवदार तळ्याला फेरी मारली. काही वाटलं नाही.

२ फेब्रुवारी
काही नाही.

५ फेब्रुवारी
दात काढायच्या आधी सुई टोचतात, तसं झालंय सगळं अंग. जेवतो, झोपतो. बेरजा बरोबर येतात. ललिता म्हणाली, "दादा, बरं नाय काय?" पित्त आहे म्हटलं.

९ फेब्रुवारी
पुण्याचा घ्या, असं लिहून दिलं. स्वस्त आहे. बिघडला तर माणूस सकाळच्या एसटीने येईल. एक शब्द खोटा नाही.

खरं कारण लिहिलं नाही. त्या प्रोग्रामवर 'असं केलं तर' विचारायचं म्हणजे ताटकळत बसावं लागतं. शेठना बसायचा कंटाळा आहे. विचारायचं सोडतील. त्या दिवशीचं विसरतील. वेडेपणा आहे, कळतंय. पण आशा वाटते.

१६ फेब्रुवारी
"काशीराम, दोन्ही नकोत. मला हवं ते त्या दिवशी कळलं. फुकटात." पॅकिंग एक एप्रिलपासून ठेक्याने, बाहेर. बायकांना मार्चअखेर सांगायचं. तोवर मी तोंड उघडायचं नाही.

घरी ललिताने विचारलं, मशीन कधी येतंय? येत नाही, रद्द झालं, म्हटलं.

तिने दारातूनच हाक मारली — "येसूबाय गो, वाचलो आपण!" मग शिरा केला. मी खाल्ला.