चाळीस टक्के पाय

३ डिसेंबर
पोरगी मयूरी ऑनलाइन अर्ज भरायच्या दुकानात कामाला आहे. तिथूनच तिने माझ्या अपंग तपासणीच्या कॅम्पची तारीख काढून आणली — सोळा. डॉक्टर पाय तपासणार आणि टक्के देणार. चाळीस आले तर अपंगांची पेन्शन, एकोणचाळीस आले तर घरी! जिनिंगात गुडघ्यावर कापसाची गठाण पडली तेव्हाच हमाली सुटली. आता गुडघा वाकत नाही. दहावीत मी छत्तीस टक्क्यांवर पास झालो होतो. इथे छत्तीसला नापास!

९ डिसेंबर
मयूरीला बघायला इचोड्याचे पाहुणे आले. मुलगा राजकुमार, बाप वामनराव. बायकोने, चंदाने, सकाळीच बजावलं, "पाय दिसू देऊ नका. पोरीचं जमून राह्यलं." आजारी बाप म्हटला की पाहुणे मागे सरतात. म्हणून पायावर शाल टाकून खाटेवर बसून राहिलो. पाहुणे निघाले तरी उठलो नाही, रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो नाही. फार लाज वाटली.

पण वामनरावांची ऐट काय सांगू! मुलाच्या खांद्यावर हात टाकून आले. सगळी पंगत सतरंजीवर आणि यांना जेवायला खुर्ची पाहिजे! चंदा म्हणते, माणूस माजोरडा आहे. मलाही तसंच वाटलं.

१२ डिसेंबर
पाहुण्यांचा अजून होकार नाही, नकारही नाही. माझ्या न उठण्याचंच फळ!

१५ डिसेंबर
आरशासमोर लंगडून पाहिलं. मी खरंच लंगडतो, तरी सराव! चंदा म्हणाली, जरा जास्तच होतंय.

१६ डिसेंबर
आदिलाबादला दवाखान्यात गेलो. रांगेत माझ्यापुढे कोण? वामनराव! मी पटकन काठी बाकाखाली सरकवली. त्यांनीही पाठीमागे काहीतरी लपवलं. मी म्हणालो, ओळखीचा एक जण भरती आहे, भेटायला आलो. तेही म्हणाले, आम्हीसुद्धा. दोघांच्या हातात कॅम्पच्या फायली!

लंगडत आत गेलो तर सोयरीक जाते, सरळ चाललो तर पेन्शन. आता काय करू?

पहिला पुकारा त्यांचाच झाला. छाती काढून तीन पावलं टाकली आणि भिंत धरली. मागे वळून हळूच म्हणाले, "पांडुरंगराव, कमरेत दमच नाही. खाली बसलो तं उठता येत नाही, मनून त्या दिवशी खुर्ची मागतली."

मी बाकाखालची काठी काढली. "आन मी काऊन उठलो नाही, ते हे पाहा."

इतके हसलो की नर्सबाई ओरडल्या. त्यांची काठी मीच उचलून दिली. मग दोघंही मनसोक्त लंगडलो. सरावाची गरजच पडली नाही.

४ जानेवारी
पंचेचाळीस टक्के! पास! वामनरावांना पन्नास. फोनवर म्हणतात, तुमच्यापेक्षा पाचनं वर आहो. ऐट गेली नाही माणसाची. पण होकार दिला.

७ जानेवारी
वामनराव सुपारी फोडायला आले. खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. हौसेने दोघांच्या कॅम्पच्या पावत्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही मयूरीच्याच दुकानातल्या! तारीख एकच, काढलेल्या पाच मिनिटांच्या अंतराने. राजकुमार म्हणे वर्षभर त्या दुकानात येतोय. आणि आम्ही समजत होतो, स्थळ आम्ही शोधलं!

मयूरीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, घरी बसून तुमी दोघं खरं बोलले असते काय?"