सहा डब्यांची मालगाडी

२९ डिसेंबर १९५७, रविवार
माझी खेळण्यातली मालगाडी पुन्हा पडली. चावीचं इंजिन नीट धावतं, वळणावर मागचे डबे रूळ सोडतात. रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून तीन वर्षं हाच उद्योग. गेल्या २६ जाने.ला आमच्या रेल्वे क्लबच्या प्रदर्शनात अख्खी मालगाडी आडवी झाली, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "गुड्स क्लार्कची गाडी. माल उतरवणारच!" सगळा क्लब हसला. यंदाही पडली तर माझं टेबल रांगोळीवाल्यांना. मग मी काही पुन्हा क्लबात तोंड दाखवणार नाही.

३ जाने. १९५८
चाकांच्या कडा कानशीने घासल्या. जास्तच बिघडलं. शहाणपणा नडला.

५ जाने., रवि.
हिच्या चरख्याची चाती, म्हणजे सूत गुंडाळायची लोखंडी सळई, वाकली म्हणून सायकलवर नालवाडीला. तिथे भागरताबाई चात्या सरळ करतात. चाती काचेवर ठेवून बोटाने घरंगळवतात, डोळे मिटून. मग नेमक्या जागी हातोडीचा एकच टोला. पुन्हा घरंगळवतात. झालं! मी बघतच राहिलो. ही म्हणाली, "चाला ना आता." पण माझं डोकं डब्यांकडे. चाकांमधला आस म्हणजे छोटी चातीच की.

७ जाने.
ड्यूटीनंतर बाराही आस घेऊन गेलो. भा.बाईंनी एकेक फिरवला. "नऊ वाकडे हाय, बाबू. तीन वर्षं डोये कुठी ठेवले होते?" चाकांमधलं अंतरही कमीजास्त निघालं. त्यांनी पत्र्याची एक पट्टी कापली, तिच्याच मापाने सगळी चाकं बसवली. फूटपट्टीला हात लावला नाही.

९ जाने.
चार डबे सुतासारखे सरळ. दोन अजून पडतात. का, ते कळत नाही.

१२ जाने., रवि.
भा.बाईंना घरी बोलावलं. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून त्या कुणाच्या ओट्यावर बसत नाहीत. आत बसवलं तर बसतात, नाहीतर उभ्या. हिने आत बसवलं, आमच्याच कपात चहा दिला. मला जरा कसंतरी झालं. झालं ते खरं, म्हणून लिहितो.
चहा झाल्यावर बाई सरळ जमिनीवर पालथ्या पडल्या, डोळे रुळांच्या पातळीला. दोन फेऱ्या बघितल्या. "याचं एक चाक अधांतरी राह्यते, बाबू. तिवई कधी डुगडुगते का? चार पायाची खाट डुगडुगते."
बस्स. एक आस पक्का ठेवायचा, दुसरा मधोमध एका खिळ्यावर झुलता. म्हणजे डबा तीन पायांवर. चारही चाकं रुळाला चिकटून.

१९ जाने., रवि.
चाळीस फेऱ्या. एकही डबा पडला नाही! मला तीन वर्षांत दिसलं नाही ते या बाईंना पाच मिनिटांत दिसलं. काय ते हात, काय नजर! आमच्या खात्यात असतं असं माणूस तर... जाऊ दे. आज फार आनंदात आहे.

२६ जाने., रवि.
तीन तास न पडता धावली. नागपूरहून आलेले साहेब चारदा चावी द्यायला लावून बघत होते. म्हणाले, "कमाल है! सब आपने अकेले बनाया?"
मी म्हटलं, "हां जी."
टाळ्या पडल्या. मान वर केली तर गर्दीच्या मागे ही, आणि हिच्या शेजारी भा.बाई.

२७ जाने.
ही बोलत नाही. क्लबची चिठ्ठी आली, शनिवारी माझा सत्कार.

३१ जाने., शुक्र.
शेवटी नालवाडीला गेलो. भा.बाई काम करत होत्या. म्हटलं, "बाई, माझं चुकलं." त्यांनी हातातली चाती पुरी घरंगळवली, मग वर बघितलं.
"तिथं बोल्ले ना तुमी? मंग तिथंच जाऊन सांगा. मले काऊन सांगून राह्यले?"
परत आलो. उद्याचं भाषण लिहायला बसलो. पहिलंच वाक्य त्यांच्याबद्दल. "ही गाडी चालती केली ती नालवाडीच्या भागरताबाई" इथपर्यंत आलो आणि हात थांबला. आडनाव मला माहीतच नाही. इतक्यांदा गेलो, कधी विचारलंच नाही.
हिला विचारलं. पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "मले मालूम हाय. पन तुमीच जाऊन इचारा."
सकाळी जातो. सत्कार संध्याकाळी सहाला आहे.