मगरिबच्या आधी

रमजान ६, गुरुवार

बाबांच्या छातीवर ठोके नोंदवणारा रेकॉर्डर चिकटवला. दंडावर साखरेचा सेन्सर आहेच. "जुब्ब्याखाली काय ते तुझं तू बघ. मिनाराला कळू देऊ नकोस!" म्हणाले.

रोजे सोडा म्हटलं की हसतात. "बांग देणारा मुअज्जिनच दुपारी जेवला, तर गल्लीनं कुणाच्या आवाजावर तोंड उघडायचं?"

मी हसले नाही.

रमजान ८

हॉस्पिटलात दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. दुपारपर्यंत हृदय शिस्तीत. दिवस कलला की पोट रिकामं, इन्सुलिनचा अंमल मात्र चालू — साखर घसरते. ती घसरली की ठोके बिघडतात. आधी एखादाच जादा. मग सलग चार. मग एक रिकामी जागा.

असे आलेख मी रोज वाचते. वाचते आणि पुढचा उचलते. आज त्या रिकाम्या जागेवरून नजर हलेना.

डॉक्टर म्हणाले, "रोजे बंद. एखाद्या संध्याकाळी हृदय थांबेल."

बाबा म्हणाले, "डॉक्टर रोज विचारतात. अल्ला एकदाच विचारणार."

इन्सुलिन कमी करून घेतलं. त्यांनी एवढंच ऐकलं.

रमजान ११

संध्याकाळी मगरिबच्या, सूर्यास्ताच्या बांगेसाठी ते मशिदीतल्या माइकच्या खोलीत एकटेच बसतात. मी घरी मोबाइलवर त्यांच्या साखरेचा आकडा बघत बसते. आई म्हणते, "शोरबा ढवळ, फोन काय ढवळतेस!"

बांग ऐकू आली की मला श्वास घेता येतो.

रमजान १३

आकडा झपाट्याने खाली आला. मी चपला घालत होते, तेवढ्यात बांग झाली. वाटलं, सुटलो! आता खातील. आईने खजूर तोंडात टाकला.

आणि मला समोरच्या भिंतीवर ऊन दिसलं.

शेजारची जुहरामावशी खिडकीतून ओरडली, "अगं वजीहा, तुझ्या बापानं सूर्याला कळवलं की नाही?"

मी पळत गेले. बाबा माइकखाली भिंतीला टेकलेले. जुब्बा घामाने चिंब. मुठीत खजुराची बी. नाडी बोटाखाली धावायची, अडखळायची, गायब व्हायची. मी रस पाजला. हात धरून बसले. किती वेळ, माहीत नाही — मला माहीत नाही, असं सहसा होत नाही.

नाडी सावरली, तेव्हा कुठे खरा सूर्य बुडाला. इमाम शेख मुनजी दारात उभे होते. बाबांना आदराचं 'सी' लावूनच म्हणाले, "सगळ्या गल्लीचा रोजा मोडला, सी बशीर. ईदनंतर प्रत्येकाला एक भरून द्यावा लागेल."

बाबांनी मान वर केली नाही.

रमजान १४

"सी बशीर मक्केच्या घड्याळावर चालतात, तिथं सूर्य आपल्याआधी बुडतो!" — न्हाव्याच्या दुकानात. "पुढच्या वर्षी बांग नाश्त्यालाच द्या म्हणावं!" — बेकरीत.

मी आलेख घेऊन शेखांकडे गेले. साखर इतकी उतरली की मेंदू झाकोळतो. माणूस घड्याळाकडे बघतो, पण वेळ वाचता येत नाही. हा गुन्हा नाही, आजार आहे. आकडे दाखवले. शेखांनी कागद बराच वेळ पाहिला. नमाजानंतर सगळ्यांना तसं सांगितलं. बांग तूर्त दुसऱ्याकडे दिली.

जुहरामावशीने तळलेले ब्रिक, अंडं भरलेल्या पातळ घड्या, पाठवले. "बिचारे! डोक्यापर्यंत साखरच पोचली नाही!"

बाबांना सगळं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

रमजान १५

बाबा बोलत नाहीत. नाडी दहादा पाहिली.

रमजान १६

दुपारी बाबांनी स्वतःहून भाकरी मागितली. दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "वजीहा, घड्याळ मला स्वच्छ दिसत होतं. छातीत काहीतरी फडफडलं आणि थांबलं. वाटलं, मेलोच. खजूर समोर होता. बांगेआधी तो खायचा धीर झाला नाही — आणि बांग तर माझ्याच गळ्यात होती."